मावशींचा जबाब

"घरातल्या माणसाचा जबाब कधी घेऊ नकोस," असं आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी मला रजेवर जायच्या आदल्या दिवशी बजावलं होतं. मी तेव्हा आठव्या महिन्याचं पोट सांभाळत टेबलाचे खण रिकामे करत होते. मोठ्या बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "हसू नकोस. तीस वर्षं हेच करतेय मी. ही सवय हातात मुरते. एकदा घरात कागद-पेन घेऊन बसलीस की मग कागद तरी राहतो, नाहीतर घर तरी."

मी हसलेच. म्हटलं, "माझ्या घरात जबाब द्यायला आहे कोण, बाई? नवरा बोलत नाही, आणि बाळ अजून यायचंय."

"तू भिंतीचासुद्धा घेशील," त्या म्हणाल्या आणि माझं स्टेपलर उचलून घेऊन गेल्या.

आमचं ऑफिस विमा कंपनीचं. कुणाचं दुकान जळतं, कुणाची गाडी ठोकली जाते, कुणाच्या तळघरात पाइप फुटून पाणी शिरतं. मग ती माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतात आणि सांगतात. मी लिहिते. पण ती सांगतात तसं नाही लिहीत, कारण माणसं वाक्यांत बोलतच नाहीत हो! "म्हणजे ते... धूर आला ना... मग मी आपला..." असं बोलतात. त्यातून मी स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं निवेदन काढते. आमची पद्धत अशी की ते 'मी'ने सुरू करायचं. 'मी सदर दुकानाचा मालक असून मी स्वतः दुपारी कुलूप लावले.' मग वाचून दाखवायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. सहा वर्षांत मी अशी बेकरीवाला झाले, ट्रक ड्रायव्हर झाले, दोनदा विधुर झाले. एकदा तर स्वतःच्याच गोदामाला आग लावून वर ढसाढसा रडले.

त्यामुळे खोटं मला वासावरून कळतं. खोटं बोलणारा माणूस वेळ फार अचूक सांगतो. खरं बोलणारा अडखळतो, "थांबा, सोमवार नव्हे, मंगळवार" म्हणतो. आणि खोटारड्याला कुणी न विचारलेल्या गोष्टीचा खुलासा करायची भारी घाई असते.

हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट समजेल. मी घाबरलेली नाही. माझी झोप व्यवस्थित होते. आणि आमच्या अडगळीच्या खोलीचं दार आज सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी वाऱ्याने लागलं.

माझा ढब्बू सहा महिन्यांचा आहे. सोमवारी माझी रजा संपते. मग मी सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तिकडे लोकांच्या आगी विझवत बसणार आणि घरी ढब्बूजवळ मावशी. भीती म्हणाल तर मला एकच आहे आणि ती मी लपवत नाही. सोमवारी संध्याकाळी मी दार उघडेन, पर्स टाकेन, हात पसरेन, आणि ढब्बू माझ्याकडे बघेल तो लिफ्टमधल्या अनोळखी माणसाकडे बघतात तसा. बघेल, आणि मग मान फिरवून मावशींच्या खांद्यात तोंड खुपसेल. बाकी सगळ्याला मी खंबीर आहे.

मावशी तीन आठवड्यांपूर्वी आल्या. दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात त्यांनी सव्वीस वर्षं आयाचं काम केलेलं; ढब्बूच्या डॉक्टरांनीच त्यांचं नाव सुचवलं. ठेंगण्या, कानावर पांढरी बट, आणि चालताना पावलांचा आवाज नाही. त्या दारात आल्या तेव्हा ढब्बूने भोकाड पसरून चाळीस मिनिटं झाली होती. मी खुळखुळा वाजवून झाला होता, गाणी म्हणून झाली होती, मिक्सरसुद्धा लावून पाहिला होता, कारण मिक्सरच्या आवाजाने बाळं शांत होतात असं कुणीतरी फोनवर पाठवलं होतं. ढब्बू मिक्सरच्या वरच्या पट्टीत रडत होता. मावशींनी चपला काढल्या, हात धुतले, त्याला घेतलं आणि घशातून एक सूर काढला. त्याला शब्द नव्हते, चालही नव्हती. बंद दारामागे फ्रीज चालू असावा तसा सूर. ढब्बू हुंदका अर्धा टाकून गप्प झाला.

"कसं काय केलंत?" मी विचारलं.

"काय केलं? घेतलं."

सहा वर्षांत इतकं त्रोटक उत्तर देणारे मला दोनच जण भेटलेत. दोघांनीही आग स्वतःच लावली होती.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. मग मी लक्ष ठेवायला लागले. त्यांचे हात गार असतात. ऐन दुपारी, पंखा गरम वारा फेकत असताना, गार! "आत्ता धुतलेत ना ताई," असं त्या दर वेळी म्हणतात. दर वेळी तेच उत्तर, हेसुद्धा नोंद घेण्यासारखं. त्या आमच्यासमोर जेवत नाहीत; डबा घेऊन गॅलरीत बसतात, आमच्याकडे पाठ करून. आणि ढब्बू जागा व्हायच्या आधी त्यांना कळतं. "उठेल हं आता," असं म्हणून पदराला हात पुसत त्या आत जातात, आणि तो खरोखर डोळे उघडतो.

"तुम्हाला कसं कळतं?"

"श्वास बदलतो लेकराचा."

मी एक अख्खी दुपार त्याच्याशेजारी कान लावून पडून राहिले. माझाच श्वास बदलला. त्याचा काही मला कळला नाही.

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. मी काही अडाणी नाही, पदवीधर आहे. गार हातांवरून कुणाला भूत ठरवण्याइतकी खुळी नक्कीच नाही. मग ते गाऊनचं झालं.

गेल्या गुरुवारी मी खाली औषधाच्या दुकानात गेले होते. नऊ मिनिटं लागली. परत येऊन किल्लीने दार उघडलं आणि बघते तर खिडकीपाशी खुर्चीत मी बसले होते. हो, मीच. माझा निळा गाऊन, मी घालते तसा वर चिमट्यात अडकवलेला अंबाडा, माझी ती डावीकडे झुकून बसायची सवय. मांडीवर ढब्बू. मी दारात उभी, आणि मी खुर्चीत बसलेली, आणि खुर्चीतली मी जास्त आरामात होते.

मी किंचाळले नाही. औषधाची बाटली आपोआप पडली.

खुर्चीतलं ते वळलं. मावशी! "अहो ताई, याने माझ्या साडीभर दूध ओकलं. दोरीवर हा तुमचा जुना दिसला, म्हटलं तोवर घालावा. काच लागली का पायाला? हलू नका, मी झाडू आणते."

तो गाऊन मी त्यांना दिलाच नव्हता. म्हणजे दिला होता. "जुना झालाय, लागला तर घ्या" असं म्हणाले होते. पण घालायला नव्हता दिला.

आणि गाऊनचंही जाऊ द्या. ढब्बूने काय केलं ते ऐका. त्याने दारातल्या माझ्याकडे बघितलं. मग मान वर करून खुर्चीतल्या माझ्याकडे बघितलं. दोन्ही बाजू नीट तपासल्या, एखाद्या साहेबासारख्या. आणि खुर्चीतल्या माझ्या गळ्यातली साखळी पकडून तोंडात घातली.

माझा नवरा मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट तपासतो. या आठवड्यात तो परगावी आहे. काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला तेव्हा मी अगदी सहज, आवाज न चढवता त्याला म्हटलं, "ढब्बू हल्ली त्यांच्याकडेच जातो रे. माझ्याकडे येत नाही."

"बरंय की मग! माय मरो, मावशी जगो म्हणतात ते काय उगाच?" आणि हा हसला. लिफ्टच्या खड्ड्यात उभा असावा, हसणं घुमत होतं.

मी पेनाचं टोपण काढलं.

"अगं, विनोद होता."

"हो."

"दुपारी झोपतेस ना? मावशी आहेत तर झोपून घे की जरा."

"झोपते." यात खोटं काही नव्हतं. मी डोळे मिटत होते, फक्त ते मिटल्यावर जास्त दिसत होतं.

फोन ठेवल्यावर मी कागद घेतला आणि लिहिलं: 'माझ्या पतीने माझे मरण व सदर मावशींचे जगणे यांविषयीची इच्छा दूरध्वनीवरून, हसत हसत व्यक्त केली.' यात माझं एकही अक्षर नाही. शब्द त्याचेच आहेत, मी फक्त जरा ओळीत लावले.

लिहून झाल्यावर इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू! सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या ताब्यात आलं होतं. आज सकाळी ढब्बू झोपल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कोरे कागद घेऊन बसले आणि मावशींना म्हटलं, "मावशी, बसा जरा. दोन-चार प्रश्न विचारायचेत."

"विचारा की. पण मी वाटाणे सोलत सोलत ऐकते. चालेल?"

"बाळ आवडतं तुम्हाला?"

"आता काय बाई! सोन्यासारखं लेकरू, कोणाला नाही आवडायचं?"

मी लिहिलं: 'सदर बाळ मला पहिल्या दिवसापासून हवेसे वाटले.'

"तुम्हाला स्वतःची मुलं?"

एक वाटाणा टेबलावरून घरंगळला तो त्यांनी बोटाने अडवला. "लेक आहे. मोठी झाली, लांब असते. रविवारी फोन करते. म्हणजे केला तर."

'मला स्वतःचे मूल जवळ नाही.'

"मी घरात नसताना ढब्बूला काय म्हणता?"

"काय वाट्टेल ते. राजा म्हणते, लबाड म्हणते. डायपर बदलू देत नाही तेव्हा माकड म्हणते."

"आणि रडायला लागला की?"

"म्हणते, थांब रे बाबा, येतेय हं आई."

'बाळ रडू लागले की मी "आई येतेय" असे म्हणत त्याच्याजवळ जाते.'

बघा, एक शब्द तरी बदललाय का मी? दीड पान झालं. हस्ताक्षर सुरेख आलं होतं. पद्धतीप्रमाणे मी त्यांना वाचून दाखवलं. 'मी, सव्वीस वर्षे इतरांची बाळे हाताळलेली स्त्री, असे निवेदन करते की...' मावशी शेंग हातात धरून ऐकत होत्या. गाऊनच्या परिच्छेदाला त्यांची भुवई वर गेली. शेवटच्या वाक्याला, 'बाळाच्या मनातील त्याच्या आईची जागा मी हळूहळू घेत आहे आणि सोमवारपर्यंत हे काम पूर्ण होईल,' या वाक्याला त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ठसका लागला, मलाच पाणी आणून द्यावं लागलं.

"ताई, कोण हो ही बया? घरात कशी घेतली तुम्ही हिला? पोलीस बोलवा आधी!"

"मावशी, हे तुम्ही सांगितलंत."

"मी? मी वाटाणे सोलत होते. हे सगळं तुम्ही सांगितलंत." आणि मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. गार. "ऐकता का जरा? जेवढी बाळं पाहिली मी वॉर्डात, तेवढ्याच त्यांच्या आया पाहिल्यात. तुम्ही त्याला घेता ना, ते परीक्षेच्या पेपरासारखं घेता. आता नापास होते की काय, अशा. त्याला ते कळतं, म्हणून तो अंग ताठ करतो. जरा सैल धरा. काही पडत नाही तो."

"इथे सही करा," मी म्हटलं.

"जे माझं नाही त्याच्यावर मी सही करत नाही." त्यांनी कागद बोटाने माझ्याकडे सरकवला आणि वाटाण्यांची परात उचलली. "चला, याच्या आंघोळीचा मोठा टब अडगळीच्या खोलीत आहे ना? काढून ठेवते."

सही नाकारणं हा अर्धा पुरावा असतो. उरलेला अर्धा म्हणजे घाईघाईने सही करणं. आमच्याकडे दोन्हींपैकी काहीही केलं तरी माणूस निम्मा अडकतोच.

त्या अडगळीच्या खोलीत गेल्या आणि वारा आला. दार लागलं. त्या दाराची बाहेरची कडी गंजलेली आहे. ती बसायला दोन्ही हात आणि कमरेचा एक धक्का लागतो. वारा बराच जोराचा होता.

"ताई," आतून आवाज आला, "दार लागलं वाटतं."

"हो मावशी. वारा."

आतून दार दोनदा हलवल्याचा आवाज. मग, "वाऱ्याने कडी पण घातली का?"

मी फळीवरून बिस्किटांचा पुडा काढला.

"ताई, हा चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा प्रकार झाला हं. उघडा बघू."

"मावशी, मी तुम्हाला काही करणार नाही. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या आहात." आणि मी खरंच त्यांना अगदी आदराने आत ठेवलेलं आहे. खोली स्वच्छ आहे. वर हवेला झरोका आहे. पिण्याच्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आम्ही तिथेच ठेवतो. दाराखाली दोन बोटं फट आहे, त्यातून मी बिस्किटं दिली, एकेक करून, तुटू न देता. "फक्त सही करा. मग लगेच उघडते."

"द्या कागद. करते सही. सुटका तरी होईल."

मी कागद सरकवणारच होते, आणि हात थांबला. सहा वर्षांचं शिक्षण आडवं आलं. "नाही चालणार, मावशी. दबावाखाली केलेली सही ग्राह्य धरत नाहीत. तुम्ही कोंडलेल्या आहात."

"मग सोडा."

"सोडलं तर तुम्ही सही करणार नाही."

"नाहीच करणार!"

"बघा ना! म्हणून तर सोडता येत नाही."

आतून मावशी म्हणाल्या, "ताई, तुमच्या ऑफिसात सगळे असेच आहेत का हो?"

त्यांची थट्टा मी मनावर घेतली नाही. सहीच्या पेचावर तोड निघाली, आणि ती अगदी नियमात बसणारी होती. मी दुसरा कागद घेतला. 'मी अडगळीच्या खोलीत टब आणण्यासाठी स्वखुशीने गेले असून मला आत कोणताही त्रास नाही. दार वाऱ्याने लागले. माझ्याजवळ पाणी व बिस्किटे आहेत. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' एकदा यावर सही झाली की त्या कोंडलेल्या नाहीत हे सिद्ध होतं, आणि मग त्या पहिल्या कागदावर मोकळेपणाने सही करू शकतात. कागद आणि पेन फटीतून आत सरकवलं.

कागद परत आला तेव्हा सहीच्या जागी एक ओळ होती. मोठं, तिरकं, दवाखान्यातल्या तक्त्यावर लिहितात तसं अक्षर: 'एक वाजला. त्याला भूक लागली असेल.'

याचा विषयाशी संबंध नव्हता. पण मी आत जाऊन बघितलं तर ढब्बू जागा होता आणि मूठ चोखत होता.

मी त्याला पाजलं. तो प्यायला आणि मग रडायला लागला. मी उभी राहून घेतलं, बसून घेतलं, खांद्यावर, मांडीवर, पालथा, उताणा. सैल धरून पाहिलं. सैल धरायचं ठरवून हात आणखीच आवळले. तो लालबुंद झाला. मध्येच हॉलमध्ये मावशींच्या पिशवीत त्यांचा फोन वाजायला लागला. बाळाच्या कानाला त्रास नको म्हणून मी तो उशीखाली ठेवला. दोन-तीनदा वाजून गप्प झाला. ढब्बू काही झाला नाही.

"ताई," मावशी आतून म्हणाल्या. या वेळी आवाज अगदी दाराजवळून, खालून आला. त्या जमिनीवर बसल्या असाव्यात. "इकडे घेऊन या त्याला. उघडू नका पाहिजे तर. नुसतं दाराशी बसा."

मी दाराला पाठ टेकून बसले. ढब्बू माझ्या मांडीवर. आणि पाठीमागून लाकडातून तो सूर आला. कानाने ऐकण्याआधी तो माझ्या पाठीच्या मणक्यांना कळला, तिथून पोटात उतरला, पोटातून ढब्बूला. तो एकदा उसासला. त्याने माझ्या कुडत्याची गुंडी मुठीत धरली आणि झोपला. माझ्या मांडीवर! माझे हात कधी सैल पडले मला कळलं नाही.

दारापलीकडे त्या, अलीकडे मी, मध्ये एक इंच लाकूड. किती वेळ गेला सांगता येणार नाही. अर्धा तास, कदाचित जास्त. मध्ये मला वाटलं की तो सूर माझ्याच घशातून येतोय. असेलही. मी विचारलं, "मावशी, लेक फोन का करत नाही तुमची?"

सूर थांबला. "तिला मी सांभाळलं कुठे? मी वॉर्डात दुसऱ्यांची पोरं सांभाळत होते. माझ्या बहिणीकडे वाढली." मग थोड्या वेळाने, "लहान असताना मला पाहून लपायची. पुढे नीट झालं सगळं. सगळ्यांचं होतं."

हे मात्र मी लिहून घेतलं नाही. लिहायला हात रिकामे नव्हते.

"गरम होतंय हो ताई इथे," त्या म्हणाल्या. "ऊन झरोक्यावर आलंय."

"पाणी प्या, मावशी. उघडते मी. याला नीट झोपू दे, मग उघडते."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सूर धरला.

नवऱ्याचा फोन आला तो याच सुमाराला. मी कुजबुजत उचलला. "सगळं ठीक?" "एकदम. ढब्बू माझ्या मांडीवर झोपलाय." "अरे वा! बघ, म्हटलं नव्हतं? आणि मावशी?" "आत आहेत." "त्यांना म्हणावं दमू नका फार." मी म्हटलं सांगते.

सांगायला वळले तेव्हा सूर बंद झाला होता.

आधी मला वाटलं, दम घेत असतील. ढब्बू जागा झाला. रडला नाही. मी उभा धरला तर त्याने माझी हनुवटी चाचपली, आणि मग माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघायला लागला. तिथे काही नाहीये. नुसतं लाकूड, आणि पिवळ्या रंगाचे दोन पोपडे. तो डोळे न हलवता बघतोय. "मावशी," मी म्हटलं. दारावर बोटाने टकटक केली. "मावशी, सही राहू दे. फाडला मी तो कागद." खरंच फाडला. दोन्ही फाडले. तुकडे फटीतून आत सरकवले, म्हणजे त्यांना दिसावेत. आतून कुणी ओढून घेतले नाहीत.

झोपल्या असतील. दुपारची वेळ आहे, आणि सकाळपासून त्या उभ्याच होत्या. मी कितीदा त्यांना म्हटलंय बसत जा म्हणून.

तुम्ही म्हणाल, मग बाई, कडी काढ की! काढायची नाही असं थोडंच आहे? तीनदा उठले, तीनदा हात लावला. पण ढब्बूला खाली ठेवलं की तो रडतो, आणि कडेवर घेऊन उघडलं तर काय होईल ते मला माहीत आहे. दार उघडेल, आत मावशी दिसतील, आणि हा हात पुढे करेल. किंवा नाही करणार. आज आत्ता, अर्धा तास तरी, तो माझ्या मांडीवर झोपला होता, माझी गुंडी मुठीत धरून. हे एवढंच माझ्याजवळ आहे सोमवारसाठी. ते हरवायचं माझ्यात बळ नाही. मी असं करणारी बाई नाहीये, पण नाही बळ.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. बेकरीच्या मागची गल्ली, चौथी इमारत, तिसरा मजला. लिफ्टमधून बाहेर आलात की डावीकडचं दार. ते मी ओढून घेतलेलं नाही, नुसतं लोटलंय. बेल वाजवू नका, सरळ आत या. मी ढब्बूला घेऊन खिडकीपाशी उभी राहीन, पाठमोरी, म्हणजे त्याला काही दिसणार नाही. स्वयंपाकघराच्या शेजारचं पिवळं दार. कडी आधी थोडी वर उचलावी लागते, मग सरकते, जोर लावा. आणि मावशींकडे बघा. उठवा त्यांना, पाणी द्या, हाताला हात लावून बघा. गार असले तर घाबरू नका, ते असतातच. पण मला तेवढं लगेच ओरडून सांगा, बोलताहेत ना त्या?